दाढ काढल्यावर: मिठाचं पाणी की क्लोरहेक्सिडिन?

अक्कलदाढ काढून घरी आलं की गोळ्या, बर्फ आणि मऊ भात याबद्दल कुणाचं दुमत नसतं. घोळ होतो तो तोंड कशानं धुवायचं यावर. घरचे कोमट पाण्यात मीठ टाकायला सांगतात, मेडिकलमध्ये ०.२ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडिनची, म्हणजे जंतू मारणाऱ्या माउथवॉशची, बाटली मिळते. मी दोन्ही वापरलंय. एका बाजूची दाढ काढली तेव्हा माउथवॉश, पुढे दुसऱ्या बाजूची काढली तेव्हा डॉक्टरांना विचारून मिठाचं पाणी. दोन्ही दाढा आडव्याच होत्या, दोन्ही वेळा टाके पडले. जखम भरण्यात मला तरी फरक जाणवला नाही. तुमच्या बाबतीत तसंच होईल असं मात्र म्हणत नाही.

पहिले २४ तास मिठाचं पाणी आणि माउथवॉश, दोन्ही टाळा. खळग्यात रक्ताची जी गुठळी बसते ती टिकली पाहिजे. ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं आणि ड्राय सॉकेटचं दुखणं मागे लागतं. त्यानंतरही खळखळून चूळ नकोच. घोट तोंडात घ्यायचा, मान त्या बाजूला कलती करून जरा थांबायचं, मग बेसिनवर वाकून नुसतं तोंड उघडायचं. थुंकायचं नाही, पाणी आपसूक पडू द्यायचं.

जंतू मारण्यात क्लोरहेक्सिडिन सरस, त्यात वाद नाही. ते दातांना आणि हिरड्यांना धरून राहतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोनदा वापरलं की भागतं. ड्राय सॉकेटचा धोका त्यानं कमी होतो, असं अभ्यासांतही दिसलंय. टूथपेस्टनंतर लगेच घेऊ नये, अर्धा तास जाऊ द्यावा, एवढं एक पथ्य. चहा पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग धरतात. माझ्याही खालच्या दातांच्या आतल्या बाजूला धरले होते, पण ते पॉलिशिंगनं निघतात. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

माझं बिनसलं ते चवीवरून. या औषधानं जिभेला खारट चव नीट कळेनाशी होते. मुगाची खिचडी समोर आली, पहिला घास अळणी. वरून मीठ घेतलं, तरी अळणी. त्याच पातेल्यातलं घरचे जेवत होते आणि त्यांना मीठ बरोबर लागत होतं. मेतकूट-भात तोंडात नुसता पिठूळ लागायचा, चहाला धातूसारखी चव यायची. बाटली बंद केल्यावर चव परत येते, हे खरं. पण दाढ काढलेल्या माणसाला चावता येत नसतं, तिखट चालत नसतं. मऊ, कोमट अन्नाला जी काही चव असते तेवढीच त्याच्या वाट्याला येते. तीही गेली की जेवण अर्ध्यावर सुटतं, आणि नेमकं तेव्हाच अंगात ताकद हवी असते. घरात ब्लडप्रेशर असलेलं कुणी वयस्कर असेल, तर वरून मीठ घेण्याची ही सवय जास्तच सांभाळावी लागते.

मिठाच्या पाण्याचा त्रास वेगळा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, आणि प्रत्येक खाण्यानंतर. ऑफिसला जायला लागलात की हे कटकटीचं होतं. मी थर्मास नेत असे. पण जेवणानंतर मान कलती करून पाणी सोडलं की खळग्याजवळ अडकलेलं भाताचं शीत बेसिनमध्ये पडलेलं दिसायचं, आणि त्या जागेचा ताण लगेच उतरायचा. मीठ जंतू मारण्यात औषधाइतकं प्रभावी नाही. त्याचा बराचसा उपयोग धुऊन काढण्यातच असावा, असं मला वाटतं. माझ्या दाढेला तेवढं पुरलं.

मात्र हिरडीचं ऑपरेशन किंवा इम्प्लांट झालं असेल, टाक्यांवर ब्रश फिरवायला मनाई असेल, तर माझी आवड बाजूला ठेवा. तिथं ब्रशचं काम औषधालाच करावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलेली बाटली मनानं बंद करू नका. चव फारच गेली असेल तर मिठाच्या पाण्यावर येऊ का, एवढं विचारा. मला लगेच हो म्हणाले. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका उतरायच्या ऐवजी वाढून कानापर्यंत जायला लागला, तोंडाला घाण वास यायला लागला, तर दोन्हींपैकी कशाचाही प्रयोग करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.