ब्लॉगसाठी रोजचा पाऊण तास की रविवारची एक बैठक?

ब्लॉग सुरू झाला आहे, काही लेख लिहून झाले आहेत, पहिला उत्साह ओसरला आहे. अशा वेळी बहुतेकांपुढे प्रश्न उरतो तो एवढाच: नोकरी-धंदा आणि घर सांभाळून लिहायचं कधी? मी दोन्ही पद्धतींनी लिहिलं आहे. आधी बरीच वर्षं रविवारी सकाळी बसून एका दमात लेख पुरा करायचो. आता सोमवार ते शुक्रवार, कामाला निघण्याआधी पाऊण तास लिहितो. ब्लॉगर घ्या नाहीतर वर्डप्रेस, या निवडीत त्याने फारसा फरक पडत नाही.

एक आधीच सांगून ठेवतो. माझे विषय कोल्हापूर जिल्ह्यातलं पाणी, शेती आणि जुन्या वास्तू असे आहेत. कविता किंवा चित्रपटांवर लिहिणाऱ्याचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

रविवारच्या बैठकीची जमेची बाजू मोठी आहे. एका बैठकीत उतरलेल्या लेखाला सूर लागतो. पहिल्या परिच्छेदात काय कबूल केलं होतं, ते शेवटच्या परिच्छेदापर्यंत डोक्यात ताजं असतं. खासबाग मैदानावरचा माझा लेख असाच एका सकाळी झाला. शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली खुलं झालेलं हे मैदान वाडग्यासारखं खोलगट आहे, त्यामुळे मागच्या पायरीवरच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. लहानपणी तिथे पाहिलेल्या कुस्त्या, हलगीचा आवाज, अंगावर उडालेली लाल माती, सगळं आठवत गेलं आणि हात थांबला नाही. तो लेख रोज थोडा थोडा लिहिला असता तर इतका एकजीव झाला नसता, असं मला आजही वाटतं.

पण कोल्हापुरातला रविवार आपल्या एकट्याच्या मालकीचा नसतो. सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग, दुपारी पाहुणे, लग्नसराईत तर विचारायलाच नको. एक रविवार गेला की पुढचा लेख थेट पंधरा दिवसांवर. तरी हेही मी निभावून नेत होतो. मला खरा वैताग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

लिहिताना कुठे ना कुठे माहिती अडते, आणि ती कुठे अडणार हे लिहायला बसल्याशिवाय कळत नाही. राधानगरी धरणावर लिहीत होतो. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की त्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी भोगावतीत जातं आणि तिथून पंचगंगेत येतं. इथपर्यंत लेख झरझर उतरला. मग प्रश्न पडला की बातमीत येणाऱ्या एकूण विसर्गात वीजगृहातून सोडलेलं पाणी धरलेलं असतं की ते वेगळं? दोन बातम्यांची बेरीज जुळत नव्हती. साधा प्रश्न, कार्यालयात एका फोनवर सुटणारा. पण त्या दिवशी रविवार. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला आहे, म्हणजे आदल्या दिवशी विचारायचं सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. सोमवारी उत्तर मिळालं, पण सोमवारी मी लिहिणारच नव्हतो. पुढच्या रविवारी बसलो तेव्हा पाऊस ओसरला होता, दरवाजे मिटले होते आणि लोकांच्या डोक्यातून तो विषय गेला होता. लेख पूर्ण केला, पण ज्यांना तो हवा होता त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला नाही.

हे वरचेवर व्हायला लागलं. अडलेली एक ओळ अख्खा आठवडा खायची. त्यातून एक वाईट सवय जडू पाहते: जिथे माहिती अडेल तिथे वाक्य मोघम करून पुढे जायचं. ‘साधारणपणे’, ‘असे म्हणतात’, ‘जाणकारांच्या मते’. स्थानिक विषयावर लिहिणाऱ्याला हे परवडत नाही, कारण वाचणारा त्याच गावचा असतो आणि त्याला खरं काय ते ठाऊक असतं.

रोज सकाळी लिहायला लागल्यावर ही अडचण जवळजवळ संपली. मंगळवारी सकाळी ओळ अडली की तिथे चौकट काढून ठेवतो, दिवसभरात फोन करतो किंवा संध्याकाळी वाट वाकडी करून जाऊन येतो, आणि बुधवारी ती चौकट भरतो. गुऱ्हाळावर लिहिताना असंच झालं. उसाचा रस उकळताना मळी वर यावी म्हणून काहिलीत रानभेंडीचा चिकट रस घालतात, हे मला माहीत होतं. तो नेमका केव्हा घालतात, हे माहीत नव्हतं. ओळखीच्या गुळव्या मामांना फोन केला तर म्हणाले, “फोनवर काय सांगू? संध्याकाळी आधण चढवणार हाय, ये की बघायला.” गेलो. काहिलीशेजारी उभं राहून जे दिसलं त्याचे दोन परिच्छेद दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिले, आणि त्या लेखात वाचण्यासारखं जे काही आहे ते त्या दोन परिच्छेदांतच आहे. रविवारी लिहीत असतो तर ‘ठरावीक वेळी भेंडी घालतात’ असं लिहून मोकळा झालो असतो.

रोजच्या पद्धतीत खोट नाही असं नाही. सांधे दिसतात. सोमवारचा सूर आणि गुरुवारचा सूर वेगळा लागतो, एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. म्हणून शुक्रवारचा वेळ मी नवीन काही लिहायला वापरत नाही. त्या दिवशी लेख पहिल्यापासून मोठ्याने वाचतो आणि जिथे जीभ अडखळते तिथे दुरुस्त करतो. दुसरी खोट सुरुवातीची: पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं ‘काल कुठे होतो’ यातच जायची. आता उठण्याआधी उद्या कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून ठेवतो, त्यामुळे बसल्या बसल्या हात चालू लागतो.

इथे एक गफलत होते ती टाळा. रोज लिहायचं म्हणजे रोज प्रसिद्ध करायचं असं नाही. रोज टाकायच्या घाईत हाती लागेल तो विषय उचलला जातो. आठवड्याला एक लेख, ठरलेल्या वारी, एवढं माझ्या मते पुरे. लेख ड्राफ्टमध्ये तयार ठेवायचा आणि शेड्यूल करायचा. सेटिंगमधला टाइम झोन भारतीय वेळेचा आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या, नाहीतर सकाळचा लेख भलत्याच वेळी प्रसिद्ध होतो.

रोजच्या लिहिण्याने आणखी एक गोष्ट साधते: हंगामाच्या पुढे राहता येतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये नदी याच्या कितीतरी वर गेली. तेव्हापासून पाऊस लागला की लोक हे आकडे शोधू लागतात. पातळी कुठे मोजतात, ती वाढली की शहराच्या कोणत्या भागात आधी पाणी येतं, हे सांगणारा लेख मे महिन्यात तयार असायला हवा. जुलैत पाणी दारात आल्यावर लिहायला कोण बसणार? अंबाबाईच्या किरणोत्सवाचंही, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात त्या सोहळ्याचंही, तसंच. तो नोव्हेंबरात असतो आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे दिवाळीच्या आसपास लेख हाताशी हवा. असे लेख दरवर्षी थोडे दुरुस्त केले की पुन्हा उपयोगी पडतात. रविवारच्या पद्धतीत मला हा साठा कधी करता आला नाही. ज्यांचे रविवार खरोखर मोकळे आहेत त्यांना जमूही शकेल.

तेव्हा तुम्ही आठवणी, ललित, प्रवासातले अनुभव असं लिहीत असाल, सगळा ऐवज तुमच्याच मनात असेल, तर रविवारची बैठक सोडू नका. लहान मुलं असलेल्या घरात सकाळचा पाऊण तास मिळणंही सोपं नसतं, हे मी जाणतो. त्यांनी रात्रीचा घेतला तरी चालेल, वार मात्र कामाचे हवेत. पण लिहिताना कुणाला तरी विचारावं लागत असेल, कुठे तरी जाऊन बघावं लागत असेल, तर मी सोमवार ते शुक्रवारच सुचवेन. येत्या सोमवारी नवीन विषय शोधत बसू नका. ड्राफ्टमध्ये अर्धवट पडलेला एखादा लेख उघडा, तो कुठल्या माहितीसाठी अडला होता ते बघा आणि त्याच दिवशी तो फोन करा.