घरकुलाच्या यादीतून नाव गेलं: आधी माहिती अधिकार, लोकशाही दिन की थेट हायकोर्ट?

आधी एक गोष्ट नीट पाहा. सोडतीत नंबर लागला नाही, की छाननीत अपात्र ठरवलं? नंबर न लागणं हा नशिबाचा भाग, त्यात महिने घालवू नका. अपात्र ठरवलं असेल तर मात्र सोडू नका, आणि कारण पहिल्याच दिवशी लेखी मागा.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींच्या रेशनकार्डावर नावापुढे ‘बाई’ आहे, आधारवर नाही. तेवढ्यावरून खिडकीवर तोंडी सांगितलं, ‘कागद जुळत नाही.’ चार महिने त्या पन्नीत कागदं घेऊन जात राहिल्या. एकदाही लेखी अर्ज नाही, म्हणून आवक शिक्क्याची पोच नाही. म्हणजे कार्यालयाच्या लेखी त्या कधी आल्याच नव्हत्या.

माहिती अधिकाराला 10 रुपयांचं कोर्ट फी स्टँप लागतं आणि 30 दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज छोटा ठेवा: माझ्या अर्जावरची टिप्पणी, अपात्रतेचं कारण लिहिलेलं पान, छाननीचे निकष, प्रतीक्षा यादी. दुसऱ्याचे उत्पन्नाचे दाखले मागत बसू नका, खासगी माहिती म्हणून ते नाकारतात. घर म्हाडाचं की एनएमआरडीएचं, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं (तरोडी, वांजरी, वाठोडा इथली घरं), हे कळत नसेल तरी ही वाट सोयीची, कारण चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावरच आहे. पण यातून कारण मिळतं, घर नाही.

लोकशाही दिन, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. विहित नमुन्यात अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. नावातली चूक, हरवलेला दाखला, चुकीचा शेरा अशा गोष्टींना ही वाट मला सगळ्यात चांगली वाटते, कारण समोर बसलेला साहेब तिथल्या तिथे खालच्याला विचारू शकतो. लक्षात ठेवा, कोर्टात असलेलं प्रकरण तिथे घेत नाहीत. आधी कोर्टात गेलात की हा रस्ता बंद.

नियमाचा अर्थच चुकीचा लावला असेल तर गोष्ट वेगळी. प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको आणि दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत हवं. सासऱ्याच्या नावावरच्या घरामुळे सुनेला बाद केलं असेल, तर ही व्याख्या अर्जात शब्दशः लिहा. तरीही ऐकत नसतील, किंवा इतरांना वाटपपत्रं जायला लागली असतील, तर लोकशाही दिनाच्या सोमवारची वाट पाहू नका. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका (सरकारी आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात दाद) हाच उपाय, कारण वाटपाला स्थगिती तिथेच मिळू शकते. कोर्ट सहसा थेट चाव्या देत नाही, चुकीचा आदेश रद्द करून फेरविचार करायला लावतं. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका: महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

घर मिळालं, पैसे भरले आणि ताबाच नाही, तर यातलं काहीच नको, ग्राहक आयोगात जा. सरकारी गृहनिर्माण संस्थाही ग्राहक कायद्याखाली येतात, हे सुप्रीम कोर्टाने 1993 साली ठरवलंय. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची.

वाटप सुरू झालं नसेल, तर मी माहिती अधिकार आणि लेखी हरकत एकाच दिवशी देईन. 30 दिवस उत्तराची वाट पाहत हरकतीची मुदत घालवणं परवडत नाही.

मावशींनी शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र जोडून लोकशाही दिनाला अर्ज दिला. नाव परत छाननीत आलंय. सोडत अजून व्हायची आहे.