आयक्यू टेस्ट करायची, पण कुठली? गोव्यातल्या पालकांसाठी तुलना

शाळा सांगते, 'मुलाची आयक्यू टेस्ट करून आणा.' कुठली, ते कोणी सांगत नाही. मग घरात चर्चा रंगते ती बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायचं की खासगीत करायची, यावर. त्याआधी चाचणी कुठली ते ठरवा. विशेष गरजा असलेल्या एकाच मुलाला दोन चाचण्यांत बरेच वेगळे आकडे मिळू शकतात, आणि दोन्ही वेळा तपासणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं.

बिने-कामत ही सगळ्यांत जुनी. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. अगदी लहान मुलालाही देता येते, ही तिची जमेची बाजू. पण भर तोंडी प्रश्नांवर, आणि शेवटी हातात एकच आकडा. बोलायला उशीर झालेल्या मुलासाठी मी ती सुचवणार नाही.

मिसिक (MISIC) म्हणजे नागपूरच्या मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून तयार केलेली, साधारण ६ ते १५ वयासाठी. तिचे शाब्दिक आणि कृतीचे असे दोन भाग असतात. गोम आहे ती इथे: एकूण बुद्ध्यांक, म्हणजेच आयक्यू, ही या दोन भागांची सरासरी. समजा, शाब्दिक ७८ आणि कृती १०४ आली. सरासरी ९१. अहवालावर 'सामान्य' असा शेरा पडतो आणि २६ गुणांची दरी कोणाच्या नजरेलाही पडत नाही. आपल्या मुलांत ही दरी पडायला निमित्तही पुष्कळ: घरी कोंकणी, प्राथमिक मराठीतून, पाचवीपासून इंग्रजी. प्रश्न इंग्रजीत विचारले तर आपण बुद्धी मोजतोय की इंग्रजी, हे मीही सांगू शकणार नाही. दुसरं म्हणजे मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते आकडे, जुनी झाली की गुण फुगतात. अमेरिकेत हा फुगवटा दर दहा वर्षांना साधारण ३ गुणांचा दिसला आहे.

विस्क (WISC) म्हणजे वेक्सलरचीच मुलांसाठीची चाचणी. तिची भारतीय आवृत्ती मिसिकपेक्षा नव्या मानकांवर आहे, पण ती इंग्रजीत. तिचा खरा उपयोग उपगुणांचा: भाषिक आकलन, आकृतीतला तर्क, कार्यस्मृती (ऐकलेलं डोक्यात धरून वापरणं), प्रक्रियेचा वेग. चंचलतेचा त्रास असलेल्या मुलांत शेवटचे दोन अनेकदा खाली जातात. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवताना बघा कधी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला नक्षी कळलेली असते, डोळे बरोबर ठोकळ्यावर असतात, पण बोटं वळेपर्यंत घड्याळ पुढे निघून जातं. गुण मात्र घड्याळ बघूनच मिळतात.

चौथी चाचणी रेव्हन: तिच्या रंगीत आकृत्या ३६. वर अर्धवट नक्षी, खाली सहा तुकडे, बरोबर तो दाखवायचा. बोलावं लागत नाही. २००७ मध्ये डॉसन, मोट्रॉन आणि सहकाऱ्यांनी ३८ स्वमग्न मुलांना रेव्हन आणि वेक्सलर अशा दोन्ही चाचण्या दिल्या. रेव्हनवर ही मुलं वेक्सलरपेक्षा सरासरी ३० शततमक, म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत ३० जागा, वर गेली. म्हणून मूल स्वमग्न असेल तर रेव्हन केल्याशिवाय 'बुद्धी कमी' हा शेरा मान्य करू नका. मात्र रेव्हन एकटी पुरत नाही, कारण वाचन का अडतं, स्मृती कुठे कमी पडते, यातलं ती काही सांगत नाही.

दिव्यांगत्वाचा दाखला हवा असेल तर गणित बदलतं. अध्ययन अक्षमतेसाठी (वाचन, लेखन किंवा गणितातच अडणं) केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत मिसिक किंवा विस्कच धरली होती आणि बुद्ध्यांक ८५ च्या वर हवा अशी अट होती. २०२४ मध्ये सूचना सुधारल्या, तेव्हा पैसे भरण्याआधी वैद्यकीय मंडळाला आज काय चालतं ते विचारा. संशोधन ८५ च्या अटीच्या बाजूचं नाही. वाचनात मागे असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक जास्त असो की कमी, शब्द वाचताना त्यांचं अडतं ते सारख्याच ठिकाणी. २०११ च्या मेंदूच्या प्रतिमांतही दोन्ही गटांत तोच नमुना दिसला. तरी २०१८ च्या अटीप्रमाणे ८२ वाल्याला अध्ययन अक्षमतेचा दाखला नव्हता, आणि बौद्धिक अक्षमतेची रेषा ७० च्या आसपास, म्हणून तोही नाही. धड ना इकडे, धड ना तिकडे. अशा मुलासाठी दाखल्याची वाट बघत बसू नका. वाचनाचा सराव विशेष शिक्षकाकडे लगेच सुरू करा.

बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी बुद्ध्यांकाबरोबर सामाजिक परिपक्वतेची व्हाइनलँड मापनी लागते. मालिन यांनीच भारतासाठी बेतलेली ही मापनी पालकांना प्रश्न विचारून भरतात: मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून वस्तू आणतं का. 'आम्हीच भरवतो, वेळ वाचतो' असं असेल तर तसंच सांगा. करू न देणं आणि न जमणं यांत फरक आहे.

तर सहाच्या वरच्या, बोलणाऱ्या, शाळेत अडखळणाऱ्या मुलासाठी मी विस्क घेईन, तीही सूचना समजण्याइतकं इंग्रजी असेल तर. नसेल तर मिसिक, मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून. कमी बोलणाऱ्यासाठी आधी रेव्हन. अहवालात एकूण आकड्याबरोबर उपगुण आणि चुकीची मर्यादा (खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ते) लिहून मागा. कानांची आणि डोळ्यांची तपासणी आधी उरका, आणि फिटच्या गोळ्या चालू असतील तर चाचणीची वेळ घेतानाच तसं कळवा.