पैसे कटले, नोटा निघाल्या नाहीत : तालुक्याचं एटीएम आणि बँकेची तक्रारसेवा

"पैसे तं कटले, पन निंगालेच नाई." बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एटीएमच्या खोलीबाहेर हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यावर बँकेच्या काउंटरवरून उत्तर मिळतं, "येऊन जातील, थांबा." या दोन वाक्यांच्या मधे जी सेवा आहे, म्हणजे मशीन, पावती, हेल्पलाइन, शाखा आणि शेवटी लोकपाल (बँकेविरुद्धची तक्रार ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी), तिची ही परीक्षा आहे. एका कुठल्या बँकेचं नाव घेत नाही, कारण सरकारी असो, खाजगी असो की ग्रामीण, तालुक्याच्या पातळीवर चित्र जवळपास सारखंच आहे. मत आधीच सांगून टाकतो: मशीन काठावर पास, हेल्पलाइन बरी, शाखेचं काउंटर नापास. नियम चांगला आहे, पण काउंटरवर तो कोणी सांगत नाही.

नियम असा. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. एटीएममध्ये खात्यातून पैसे कटले आणि नोटा आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत बँकेने ते आपणहून खात्यात परत टाकायचे. उशीर झाला तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीसुद्धा आपणहून; ग्राहकाने अर्ज केला की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, रविवार आणि सुट्ट्या धरून. समजा ३ तारखेला पैसे कटले. मुदत ८ तारखेला संपली. पैसे २० तारखेला आले, तर ९ ते २० असे १२ दिवस, म्हणजे १,२०० रुपये भरपाई. काउंटरवर अजूनही "सात वर्किंग डे" ऐकायला मिळतं. तो २०११ चा जुना नियम आहे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० किंवा पीएम किसानचे २,००० रुपये काढायला काळी-पिवळीने पंधरा-वीस किलोमीटर आलेल्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

आता पैसे कटतात कसे, ते समजून घ्या, म्हणजे कुठे काय विचारायचं ते कळेल. कार्ड टाकून पिन दिला की निरोप मशीनकडून त्या एटीएमच्या बँकेच्या स्विचकडे, म्हणजे निरोप पुढे पोहोचवणाऱ्या संगणक यंत्रणेकडे जातो. दुसऱ्या बँकेचं एटीएम असेल तर तिथून बँकांना एकमेकांशी जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नॅशनल फायनान्शियल स्विचमार्गे तो तुमच्या बँकेच्या सर्व्हरवर पोहोचतो. तिथे आधी खात्यातून रक्कम वजा होते, मग 'द्या' असा निरोप उलटा येतो आणि त्यानंतरच मशीन नोटा मोजायला लागतं. म्हणजे कटणं आधी, नोटा नंतर. मधल्या काही सेकंदांत लिंक तुटली की खातं रिकामं आणि हातही रिकामे. लिंक परत आल्यावर मशीन 'व्यवहार उलटा करा' असा निरोप पाठवतं, त्यामुळे बरेचदा पैसे काही मिनिटांत किंवा दुसऱ्या दिवशी परत येतात.

अडतं ते दोन ठिकाणी. वीज गेली, इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली असली, तर मशीन मधेच बंद पडतं आणि उलटा निरोप जातच नाही. दुसरं म्हणजे नोट अडकणं. पावसाळ्यात दमट झालेल्या मऊ नोटा, चिकटपट्टी लावलेल्या नोटा, हंगामातली धूळ, यामुळे दोन नोटा एकदम ओढल्या जातात. मशीन त्या आतल्या रिजेक्ट पेटीत टाकतं. पण नोटा बाहेर येण्याच्या झडपेपर्यंत गेल्या की पेटीत पडल्या, हे सेन्सरला नक्की कळलं नाही तर तो व्यवहार संशयित राहतो. मग रोकड भरणारी एजन्सी येऊन प्रत्यक्ष नोटा मोजेपर्यंत हिशेब जुळत नाही, आणि गावाकडच्या मशीनला एजन्सीची गाडी रोज येत नाही. हे कारण खरं आहे. पण ते बँकेच्या घरचं कारण आहे; त्याने ५ दिवसांचं घड्याळ थांबत नाही.

मशीनला काठावर पास म्हटलं ते यासाठीच. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर असताना एसी बंद ठेवलेली खोली आणि छतावरच्या अँटेनावर चालणारी लिंक, एवढ्यावर यंत्राकडून फार अपेक्षा करता येत नाही. रोकड संपण्याबाबत मात्र सूट देता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून महिन्यात १० तासांपेक्षा जास्त वेळ एटीएममध्ये रोकड नसेल तर बँकेला प्रति मशीन १०,००० रुपये दंड आहे. तरीही कापसाच्या चुकाऱ्याच्या दिवसांत शनिवारी रिकामं झालेलं मशीन सोमवारपर्यंत तसंच उभं असतं. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: गृह मंत्रालयाच्या २०१८ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दुपारी ४ नंतर एटीएममध्ये रोकड भरत नाहीत. त्यामुळे गडचिरोलीकडे दुपारनंतर रिकामं दिसलेलं मशीन त्या दिवशी भरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नोटा मोजण्याचा 'खर्र' आवाज आला, झडप उघडली नाही, स्क्रीन पहिल्या पानावर गेली, तर लगेच तिथून हलू नका. दोन-तीन मिनिटं थांबा. झडप उशिरा उघडू शकते आणि मागच्या माणसाच्या हातात तुमचे पैसे पडू शकतात. झडपेच्या आत पट्टी किंवा चिकट काही बसवलेलं दिसतं का, तेही पाहा. नोटा आत अडकवून नंतर काढून नेणारे चोर अशीच पट्टी लावतात. तसं काही दिसलं तर ओढू नका, तिथूनच बँकेला आणि पोलिसांना फोन करा. त्याच मशीनवर लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका, दोनदा कटण्याचे प्रकार इथेच होतात. आधी खात्यातली शिल्लक तपासा. आणि "द्या काका, मी काढून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात कार्ड देऊ नका. कार्ड बदलून हातात दुसरंच ठेवलं जातं.

पावती निघाली तर तिच्यावर चार गोष्टी शोधा: एटीएमचा आयडी, तारीख आणि वेळ, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (बहुतेक १२ अंकी असतो, त्याला आरआरएन म्हणतात) आणि रिस्पॉन्स कोड. ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, ५५ म्हणजे पिन चुकला, ९१ म्हणजे बँकेचा सर्व्हर किंवा स्विच उत्तर देत नव्हता. ९१ दिसला आणि तरी पैसे कटले असतील तर तक्रारीत तो कोड जरूर लिहा. पावतीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. शर्टाच्या खिशात घामाने आणि उन्हाने आठवड्यात तो कोरा होतो, म्हणून तिथेच फोटो काढा. पावती निघालीच नाही तर मशीनवर किंवा भिंतीवर चिकटवलेला एटीएम आयडी लिहून घ्या. हा आयडी आणि वेळ असली की पावतीवाचून तक्रार अडत नाही.

हेल्पलाइनला बरी म्हटलं, कारण तिथे किमान तक्रार क्रमांक मिळतो. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचाच घ्या. इंटरनेटवर शोधलेल्या नंबरवर फोन लावून खातं साफ झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. खरी हेल्पलाइन पिन, ओटीपी किंवा सीव्हीव्ही मागत नाही, मोबाइलवर कुठलं ॲप टाकायला सांगत नाही. फोन लागायला वेळ लागतो, भाषेसाठी मराठीचा पर्याय निवडला तरी पुढे हिंदी बोलणारा माणूस येतो. ही त्रुटी आहे. तरीही तक्रार क्रमांकाचा एसएमएस हातात पडला की पुढचं सगळं सोपं होतं. ज्यांचा मोबाइल नंबर खात्याला जोडलेला नाही किंवा बदलला आहे, त्यांना इथेच अडचण येते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आजच तपासा.

आता काउंटर. तिथे मिळणारी उत्तरं ठरलेली आहेत. "दुसऱ्या बँकेचं एटीएम होतं, तिकडे जा." हे चूक आहे, मशीन कोणाचंही असो, तक्रार खातं ज्या बँकेत आहे तिनेच घ्यायची. "लिंक नाही, उद्या या." लिंक नसली तरी कागदावरचा अर्ज घेऊन पोच देता येते, त्याला फक्त शिक्का आणि सही लागते. "असं शंभर रुपयांचं काही नसते." असतं, आणि परिपत्रकाची तारीख वर दिली आहे. सर्वांत जास्त माणसं ज्या उत्तरावर माघारी फिरतात ते म्हणजे, "रिपोर्टमध्ये सक्सेसफुल दाखवते." मशीनच्या आतल्या नोंदवहीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जर्नलमध्ये, व्यवहार यशस्वी दिसू शकतो आणि तरी नोटा हातात आलेल्या नसू शकतात. त्या वेळी तोंडी उत्तरावर उठू नका. तीन गोष्टी लेखी मागा: त्या व्यवहाराची जर्नलमधली नोंद, त्या दिवसानंतर रोकड मोजली तेव्हा मशीनमध्ये नोटा जास्त निघाल्या का याचा ताळमेळ, आणि सीसीटीव्हीचं चित्रण तपासून दिलेलं उत्तर. चित्रण कायम ठेवलं जात नाही, म्हणून ही मागणी पहिल्याच आठवड्यात करा. कर्मचारी कमी आहेत, पीककर्जाच्या दिवसांत रांग दारापर्यंत असते, हे दिसतं. पण पोच द्यायला एक मिनिट लागतं, आणि ती नाकारणं म्हणजे कास्तकाराला आणखी एक खेप घालायला लावणं.

अर्ज लांब नको. शाखा व्यवस्थापकांच्या नावे साध्या कागदावर एवढं पुरतं: "माझ्या बचत खाते क्रमांक … मधून दिनांक … रोजी दुपारी १.२० वाजता एटीएम आयडी … येथून ५,००० रुपये काढताना रक्कम वजा झाली, नोटा मिळाल्या नाहीत. संदर्भ क्रमांक … . रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम आणि ५ दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाची १०० रुपये भरपाई खात्यात जमा करावी. व्यवहार नाकारत असल्यास जर्नलची नोंद, रोकड ताळमेळ आणि सीसीटीव्हीच्या आधारे लेखी उत्तर द्यावे." कार्डाचा पूर्ण क्रमांक लिहू नका, शेवटचे चार अंक पुरे. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह शिक्का घ्या. घेतच नसतील तर टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा. ती पावतीही पोचच आहे. शाखेतल्या फलकावर तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो, एक प्रत तिकडे टाका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. लोकपालाकडे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, म्हणूनच पोचेवर एवढा भर. वकील लागत नाही, शुल्क नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर अर्ज भरता येतो, कागदी अर्ज चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने जातो, माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. ऑनलाइन अर्ज जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या पोरीकडून किंवा सेतू केंद्रात जाऊन भरून घ्या. पोच, पावतीचा फोटो आणि पासबुकाचं पान सोबत जोडा.

अर्धवट नोटा निघण्याचा प्रकार वेगळा धरू नका. ५,००० मागितले आणि पाचशेच्या १० ऐवजी ८ नोटा आल्या, तर तक्रार १,००० रुपयांची. नोटा कॅमेऱ्यासमोरच मोजा, खिशात घालून बाहेर मोजू नका. पैसे भरण्याच्या मशीनमध्ये नोटा अडकल्या तर मात्र कोणत्या किमतीच्या किती नोटा टाकल्या हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. फसलेला व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत मोजला जाता कामा नये, हेही रिझर्व्ह बँकेने १४ ऑगस्ट २०१९ ला स्पष्ट केलं आहे. मोफत मर्यादेनंतर १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला २३ रुपये आणि वर कर लागतो. फसलेल्या व्यवहाराचे ते लावले असतील तर परत मागा.

एटीएम दूर असलेल्या गावांत बँकेने नेमलेल्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा लावून पैसे काढले जातात, तिथेही तोच ५ दिवसांचा आणि १०० रुपयांचा नियम आहे. तिथला नेहमीचा घोळ म्हणजे "फेल झालं, पुन्हा लावा." नेट कमी असताना पहिला अंगठा बँकेपर्यंत पोहोचलेला असतो आणि दुसऱ्याने परत कटतात. दुसऱ्यांदा अंगठा लावण्याआधी मिनी स्टेटमेंट काढायला सांगा आणि फसलेल्या व्यवहाराचीही पावती घ्या. पैसे परत आल्यावर पासबुक छापून पाहा. परत आलेली रक्कम आणि भरपाई, अशा दोन वेगळ्या नोंदी दिसल्या पाहिजेत. मुदत उलटून पैसे आले आणि दुसरी नोंद नसेल, तर त्याच तक्रार क्रमांकावर भरपाईचा अर्ज पुन्हा द्या.