कोडॅक एक्टार १०० : दाट रंगांसाठी सढळ उजेड

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना पाऊस ओसरल्यावर तांबडी माती, पोपटी भातखाचरे आणि धुतलेले आकाश एकाच चौकटीत सापडते. २००८ साली बाजारात आलेली कोडॅकची एक्टार १०० ही रंगीत निगेटिव्ह फिल्म (जिच्यावर रंग उलटे उमटतात आणि मग प्रिंट किंवा स्कॅन काढतात) पारखण्यासाठी मी मुद्दाम हाच रस्ता निवडला.

पहिला रोल उजेड मोजणारा मीटर १०० वर, म्हणजे फिल्मच्या छापील वेगावर ठेवून काढला. उन्हातली चित्रे उत्तम आली, पण झाडांखालच्या सावल्या निळसर आणि गढूळ उतरल्या. दुसऱ्या रोलला मीटर ५० वर ठेवून एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट उजेड दिला, धुलाई मात्र नेहमीचीच करून घेतली. तेव्हा सावलीतला हिरवा भरला आणि मातीचा तांबडा खऱ्या अर्थाने दाट झाला. जिच्यावर थेट सुलटे चित्र उमटते त्या स्लाइड फिल्मचे गणित याच्या उलट असते. व्हेल्व्हिया ५० सारख्या फिल्मला एक तृतीयांश स्टॉप उजेड कमी दिला की रंग गडद होतात, जास्त दिला की विटतात. तीच सवय निगेटिव्हला लावणारे एक्टारला उगाच नावे ठेवतात.

ओल्या पानांवरची पांढरी चकाकी हिरव्या रंगात मिसळून तो फिका करते, म्हणून ती चकाकी अडवणारा पोलरायझर हा फिल्टर भिंगावर लावावाच. आकाशावर त्याचा परिणाम सूर्याशी काटकोनात उभे राहिल्यास सर्वाधिक दिसतो. त्यात दीड ते दोन स्टॉप उजेड खर्ची पडतो, तेव्हा तिपाई बाळगणे आले.

परगावच्या लॅबमधून आलेले पहिले स्कॅन इतके फिके होते, की मी फिल्मलाच दोष देऊन मोकळा झालो होतो. यंत्राने प्रत्येक चित्राची आपोआप रंगदुरुस्ती केली होती. ती बंद करून त्याच निगेटिव्हचे पुन्हा स्कॅन करून घेतले, तेव्हा हरवलेले रंग जागेवर सापडले. आता रोलसोबत तशी चिठ्ठीच पाठवतो.

फिल्मवर दिसणारे कण अतिशय बारीक आहेत, त्यामुळे मोठे प्रिंट सुरेख निघतात; किंमत मात्र हौसेला चटका लावणारी आहे. खरा दोष चेहऱ्यांचा. गोरा माणूस लालबुंद दिसतो आणि सावळ्याची कांती तांबूस होते. सौंदत्तीच्या यात्रेतल्या भंडाऱ्याचा पिवळा या फिल्मवर टिपण्याचा मोह मला फार आहे, पण तिथे माणसांवाचून चौकट मिळायची नाही, म्हणून त्या दिवशी कॅमेऱ्यात चेहऱ्यांना मानवणारी कोडॅकचीच पोर्ट्रा १६० भरेन.