ठाण्याची ती फुकट लिंक-डिरेक्टरी: पावसाळ्यापासून वापरतोय, आणि ही रमी कोण काढणार?

गेल्या आठवड्यात भाचीसाठी बालनाट्य शिबिराची चौकशी करायची होती. डिरेक्टरीत, म्हणजे वेबसाइटच्या विषयवार यादीत, 'नाटक' उघडलं, नौपाड्यातल्या एका संस्थेच्या लिंकवर क्लिक केलं तर थेट ऑनलाइन रमी, वेलकम बोनससकट. भाची शेजारीच होती, म्हणाली मामा, शिबिरात पैसे पण देतात का.

डिरेक्टरीचं नाव घेत नाही. चार-पाच जण नोकरी सांभाळून हौसेने चालवतात, वापरणाऱ्यांना कळेलच. लॉगिन नाही, जाहिराती नाहीत आणि मुख्य म्हणजे मोबाईल नंबर मागत नाहीत. मी आलोच त्यासाठी. आधी एका लिस्टिंग ॲपवर प्युरिफायर रिपेअरसाठी नंबर टाकला होता, तर चहा होईपर्यंत अख्ख्या जिल्ह्यातले प्युरिफायरवाले फोन करून मोकळे, वर दुसऱ्या दिवशी कर्जवाले.

तर ती रमी. संस्थेने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, रिन्यू केलं नाही, कुणीतरी ते उचललं, कारण जुन्या डोमेनला बाहेरून लिंक आलेल्या असतात आणि सर्चमध्ये त्यांना वजन असतं. जुन्या लिंक सडण्याचं हे दुखणं डिरेक्टऱ्यांना जुनंच आहे. डीमॉझ आठवतंय का, जगभरच्या वेबसाइटची माणसांनी जमवलेली डिरेक्टरी? १९९८ मध्ये ग्नूहू नावाने सुरू झालं, मग न्यूहू, त्याच वर्षी ब्राउझरवाल्या नेटस्केपने घेतलं, नेटस्केपबरोबर एओएल या इंटरनेट कंपनीकडे गेलं. संपादक सगळे बिनपगारी, डेटा कुणीही फुकट वापरा. गूगलची स्वतःची डिरेक्टरी त्याच डेटावर २०११ पर्यंत चालली, त्यामुळे डीमॉझमध्ये नाव लागावं म्हणून साइटवाले जीव टाकायचे आणि अर्ज रांगेत पडून राहायचे. मेलेल्या लिंक हुडकायला त्यांच्याकडे रोबोझिला नावाचा प्रोग्रॅम होता, पण पुढची साफसफाई शेवटी माणसांनीच करायची. २०१७ च्या मार्चमध्ये दुकान बंद. याहूची डिरेक्टरी तर पगारी माणसं ठेवून आणि धंदेवाल्या साइटकडून वर्षाला २९९ डॉलर घेऊनही २०१४ च्या शेवटी आटोपली, म्हणजे नुसत्या पैशानेही भागत नाही.

इथेही तेच चाललंय. नवीन नोंद टाकायला हुरूप असतो, कॅटेगरीखाली आपलं नाव येतं. जुनी नोंद उघडून बघणे, संस्था जिवंत आहे का विचारणे, नसेल तर उडवणे, याला कोण हात लावणार? मेल केला, 'धन्यवाद, बघतो' असं उत्तर आलं. रमी चालूच. फुकटात करतात म्हणून किती बोलायचं हेही कळत नाही, पण निदान नोंदीपुढे शेवटची कधी तपासली ती तारीख तरी टाका. एवढंच मागतोय, मेलमध्येही एवढंच मागितलं होतं.

इथपर्यंत लिहून दोन स्टार देणार होतो. मग रविवारी फ्लेमिंगो बघायला जायचं ठरलं. सर्चमध्ये वर सगळे 'टॉप टेन ठिकाणं' छाप लेख, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उतरवलेलं, वेळ विचाराल तर सगळे 'सकाळी लवकर' सांगतात. इथे 'खाडी' कॅटेगरीत ऐरोलीच्या वन विभागाच्या केंद्राची लिंक आणि खाली कुणीतरी हाताने लिहिलेलं: बोट भरतीच्या हिशोबाने सुटते, आधी भरतीची वेळ बघा, बुकिंग केल्याशिवाय रिक्षा करू नका. आम्ही सकाळी सातला निघणार होतो, बोट होती दुपारची. जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे वाचले, शिवाय बायकोची बोलणी वाचली. असं वर्णन खाडीवर स्वतः जाऊन आलेला माणूसच लिहितो.

म्हणून साडेतीन. अर्धा स्टार रमीने खाल्ला, तो तारीख दिसेपर्यंत परत मिळणार नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन इथे शोधू नका, निम्मे नंबर बदललेत, त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. खाडी, ट्रेक, वाचनालयं यासाठी मात्र आधी इथे बघा, आणि फोन केल्याशिवाय निघू नका.