गांजा तपासायची कॅसेट: कामाची, पण वाचता आली तर

मेडिकलमध्ये मिळणारी ही लघवीची कॅसेट घरातल्या पोरासाठी घ्या की बोटीवरच्या खलाशासाठी, आधी रेघा वाचायला शिका. गरोदरपणाच्या पट्टीच्या नेमकं उलट आहे. दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. कॅसेटवरच्या ‘सी’ (कंट्रोल) अक्षरापुढे रेघ आणि ‘टी’ (टेस्ट) अक्षरापुढे कोरं, म्हणजे पॉझिटिव्ह. ‘टी’ची रेघ पुसट उमटली तरी निगेटिव्हच धरायचं, घोळ होतो तो इथेच, आणि पोरगं फुकट बोलणी खातं. ‘सी’ची रेघ नसेल तर कॅसेट बाद.

ताजी लघवी, ड्रॉपरने तीन थेंब, पाच मिनिटांनी वाचन. दहा मिनिटांनंतर उमटलेलं मोजायचं नाही. साठवण २ ते ३० अंशांत, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला माल नको. पाकीट ऐनवेळी फोडा. आपल्याकडच्या दमट हवेत पट्टी ओल धरते. आधी तांब्याभर पाणी ढोसलं की लघवी पातळ होते आणि पट्टी फसते.

बहुतेक कॅसेट लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये गांजाचा अंश ५० नॅनोग्रॅम झाला तरच पॉझिटिव्ह दाखवतात. एकदाच ओढणाऱ्याचं साधारण तीन दिवस दिसतं, रोज ओढणाऱ्याचं महिनाभरही. शिमग्यातली भांगसुद्धा पकडली जाते. नुसत्या पानांना १९८५चा अमली पदार्थ कायदा गांजा म्हणत नाही, पण कॅसेटला तो फरक कुठला कळायला! अ‍ॅसिडिटीवरच्या पॅन्टोप्राझोलनेही कधीकधी खोटा पॉझिटिव्ह येतो. म्हणून कुणाला कामावरून काढण्याआधी लॅबमधून मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे पदार्थ नेमका ओळखणारी तपासणी करून घ्याच.

खरी उणीव मात्र वेगळी आहे. माणूस आत्ता नशेत आहे का, हे लघवी सांगतच नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८पासून गांजा कायदेशीर आहे, पण चालकाच्या नशेचा गुन्हा तिथे रक्तातल्या टीएचसीवर (गांजातलं नशा आणणारं रसायन) ठरतो: मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमपासून गुन्हा, ५पासून मोठा. पहाटे सुकाणूवर कुणाला बसवायचं हे या कॅसेटवरून ठरवू नका. डोळे, चाल, बोलणं बघा.

एमडीची (मेफेड्रोन, रासायनिक अमली पदार्थ) शंका असेल तर ही कॅसेट निरुपयोगी. पाच-सहा पदार्थांची महाग कॅसेटही एमडी बरेचदा सोडून देते, तेव्हा तिच्यावर जादा पैसे घालू नका. व्यसन सुटलेल्याची दर आठवड्याला तपासणी करायला मात्र साधी कॅसेट चांगली, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. पहिल्या महिन्यातला पॉझिटिव्ह जुन्या गांजाचाही असू शकतो, तेवढ्यावरून भांडण काढू नका. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट.